सिल्वियाच्या टेबलात येणारी होडी

आधीच सांगून टाकते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की बाकीच्या बायका हात जोडून उभ्या राहतात आणि मी चपला शोधायला लागते. इथे या ग्रुपवर लोक वडाखालच्या बाईचे, खाडीतल्या दिव्याचे अनुभव लिहितात. मी ते चहा पिता पिता वाचते आणि मनात म्हणते, मेल्यांनो, जरा लवकर झोपत चला. त्यामुळे आज मलाच हे लिहायला बसावं लागतंय याचा मला भयंकर राग आलाय. माझ्या गोष्टीत वड नाही, अमावस्या नाही, पैंजण तर नाहीतच... एक ऑफिस आहे, दोन कॉम्प्युटर आहेत आणि भर दुपार आहे. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या.

आणखी एक. हा अनुभव खरं म्हणजे मला आलाच नाही. तो सिल्वियाला आला. माझं सगळं दुखणं तेच आहे.

तर — मी राहते तोंडवलीला आणि कामाला मालवणात. कंपनीचं नाव सांगत नाही. किनाऱ्यावर मासळी विकत घ्यायची आणि बर्फात घालून गोव्याच्या कारखान्यात पाठवायची, हा कंपनीचा धंदा. ऑफिस जेटीच्या रस्त्याला. खाली बर्फाचं मशीन घरघरत असतं, वर जिना चढून गेलं की आम्ही. एसी आहे, पण चालला तर चालला. खिडकी उघडली की मासळीचा वास येतो म्हणून ती बंद. त्या बंद खिडकीखाली मी आणि सिल्विया समोरासमोर बसतो. आमचे मॅनेजर सामंत सर काचेच्या केबिनमध्ये.

सिल्विया माझ्यानंतर लागली. म्हापशाला आजोळी राहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेली. दिसायला बरी... खोटं कशाला बोलू, चांगलीच आहे. डावखुरी आहे, माऊस पण डाव्या हाताने धरते. स्वभावाने इतकी गोड की चीड यावी. नाताळात डबा भरून नेवऱ्या आणि दोदोल आणते. मी ते खाते, दुसऱ्यांदा मागून खाते आणि वर तिच्यावर चिडते.

पण मला हेवा वाटायचा तो या कशाचाच नाही. मला हेवा वाटायचा एका निळ्या स्कूटरचा. तिचे वडील शाळेत मास्तर होते, आता रिटायर्ड. रोज संध्याकाळी स्कूटर घेऊन खाली येतात. हॉर्न वाजवत नाहीत, हाक मारतात — "चल गो बाय!" सिल्विया पर्स उचलते आणि धडधडत जिना उतरते. पावसात स्वतः भिजतात आणि तिच्यासाठी रेनकोट प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा ठेवून आणतात. मी वरून बघायचे. रोज बघायचे. मग माझ्या एसटीला पळायचे, आणि एसटीत खिडकीला टेकून त्या पिशवीचाच विचार करत बसायचे.

माझे बाबा अठ्ठ्याण्णव साली समुद्रात गेले ते आले नाहीत. नारळी पौर्णिमा होऊन सिझन नुकताच सुरू झाला होता. होडी लहान, ते आणि एक खलाशी एवढेच जायचे. त्या दिवशी खलाश्याला ताप होता. बाबा म्हणाले, "जवळच जातंय, जाळा उचलून येतंय." गेले. होडी मिळाली नाही, फळी मिळाली नाही, बाबा मिळाले नाहीत. मी तेव्हा शाळेत होते.

त्या होडीचं नाव ‘वैजयंती’. म्हणजे मी. आमच्याकडे होडीला देवाचं नाव देतात. बाबांनी मुलीचं दिलं म्हणून काका वर्षभर कुरकुरत होते. बाबा म्हणायचे, माझी देवी घरात आहे, मी काय करू. मला केवढा ताठा होता त्याचा! वर्गात मी एकटीच अशी, जिच्या नावाची होडी होती.

बाबांची एक खोड मात्र मला मुळीच आवडत नसे. ज्या दिवशी जाळ्यात काही लागायचं नाही त्या दिवशी ते घरी यायचे नाहीत. वाळूच्या वरच्या अंगाला, सुरूच्या झाडांत, होड्या आणि जाळी ठेवायचा एक मांगर होता. तिथे जाऊन दुसऱ्या लोकांत बसायचे. आणि बसायचे म्हणजे कसे, तर गप्पा, हसणं, दुसऱ्यांच्या पोरांना मांडीवर घेऊन गोष्टी. घरी त्यांची पोरगी उंबरठ्यावर वाट बघतेय, आणि हे त्या पोरांना कासवाची गोष्ट सांगतायत! मी त्या पोरांना दुसऱ्या दिवशी चिमटे काढायचे. दिवेलागणीला आई मांगरापर्यंत जायची आणि एकच वाक्य बोलायची — "अवो, चला घराक. जेवान थंड होता." मग बाबा मान खाली घालून तिच्या मागोमाग यायचे. आई न्यायला गेल्याशिवाय रिकाम्या हातांनी ते कधी घरी आले नाहीत.

आई अजून बाजारात मासळी विकते. बाबा आले नाहीत तरी तिच्या कपाळाला रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र असायचं. कोणी काही म्हटलं की टोपलीवरचा कोयता उचलून म्हणायची, "तू बघलंस काय तेका मेल्लो?" पुढे कोणी बोलत नसे.

पण आमच्याकडे माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की पालाशविधी करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. तो माणूस त्या दिवशी गेला असं धरायचं, आणि बायकोने कुंकू पुसायचं. दोन हजार दहाला बारा वर्षं भरली. काका पाऊस सुरू झाल्यापासून घरी खेपा घालायला लागले. "वैनी, पितृपक्षाच्या आधी करूक व्हयो. तेका गती नको?" आई आतल्या खोलीत जाऊन भांडी आपटायची. शेवटी मला म्हणाली, "वैजू, तू शिकलेला आसंस. तू सांगशीत ता करूया." म्हणजे माझ्या बाबांना मेलं म्हणायचं की नाही, हे मी ठरवायचं. मला झोप लागेना.

आणि नेमकं त्याच वेळी ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं.

गोव्याच्या मोठ्या ऑफिसने पाठवलं होतं. रंगीत रिपोर्ट काढणारं, बिझनेस इंटेलिजन्स का काय ते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सोपं आहे. एका टेबलात सगळ्या होड्या — होडीचं नाव, नोंदणी नंबर, मालक, गाव. हे टेबल मी भरलं. दुसऱ्या टेबलात रोजची मासळी — तारीख, कोणती होडी, कुठे उतरवली, कोणती मासळी, वजन. हे सिल्विया भरायची. मग स्क्रीनवर दोन्ही टेबलं शेजारी ठेवायची आणि दोन्हीत असलेला एखादा कॉलम धरून माऊसने रेघ ओढायची. दोघांचं मिळून तिसरं टेबल तयार होतं. जी होडी दोन्हीकडे आहे तीच त्यात येते. एकीकडेच असेल तर गळून पडते. झालं, एवढंच.

गोव्याहून सांगितलं होतं, बंद पडलेल्या, मोडलेल्या होड्याही टाका, जुन्या वर्षांशी ताडून बघायचं आहे. म्हणून मी ‘वैजयंती’ पण टाकली. नंबर मला पाठच होता. तेवढी ओळ टाईप करायला मला बाकीच्या सगळ्या होड्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

पहिल्या दिवशी जोडण्याचं काम माझ्याकडे होतं आणि मी शेण खाल्लं. मी रेघ ओढली होडीच्या नावावरून. का नाही ओढणार? आमच्या किनाऱ्यावर होडीला नंबराने कोण ओळखतो? पण नाव म्हणजे काय, अर्ध्या होड्या ‘भराडीप्रसाद’! मसुऱ्याच्या बाजूला भराडीदेवी, तिला बोललेला नवस फेडायचा म्हणून ज्याने त्याने तेच नाव. झालं... एका भराडीप्रसादचे बांगडे सगळ्या भराडीप्रसादांच्या नावावर चढले. ज्या होडीत दोन माणसं गुडघे दुमडून बसतात तिने ट्रक भरून बांगडा आणला असा रिपोर्ट सामंत सरांनी गोव्याला पाठवला. गोव्याहून जे काही बोलले ते सरांनी मला ऐकवलं. सिल्विया उठून आली आणि सगळ्यांसमोर हळूच म्हणाली, "नंबरान जोड गो. नंबर सगळ्यांचो येगळो." सर म्हणाले, "यापुढे हे काम सिल्विया करेल." मी "बरं सर" म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. खोटं नाही सांगत, त्या दिवशी ती जिन्यावरून पडली असती तर मी सावकाश उठून बघायला गेले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचे डबे आवरले, आणि सिल्विया रिपोर्ट काढायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "वैजू, ही तोंडवलीची ‘वैजयंती’ कोणाची गो? हिचा वजन कोणी सांगूकच नाय."

मी पाण्याची बाटली झाकण न लावताच ठेवली आणि उठले.

मी जाऊन बघितलं. तिच्या तिसऱ्या टेबलात सगळ्यात खाली एक ओळ होती. होडी — वैजयंती. नंबर — बाबांचा. मालक — बाबांचं पूर्ण नाव, आडनाव अर्ध्या गावाचं. तारीख — अठ्ठ्याण्णवची नाही, त्याच दिवसाची. कुठे उतरवली — तोंडवली. मासळी — रिकामं. वजन — रिकामं.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "माझ्या बापाशीची मस्करी करतंस? दुसरा काय गावला नाय तुका?" सिल्वियाचा चेहरा पांढरा पडला. "कसली मस्करी? माका म्हायत पण नव्हता गो ही तुझ्या बापाशीची होडी!" तिने छातीवर क्रॉस केला. मी तिचं मासळीचं टेबल वरपासून खालपर्यंत तपासलं. त्यात ‘वैजयंती’ नव्हती, तो नंबरही नव्हता. बरं, जोडताना काही चुकलं म्हणावं, तर बाकीच्या बंद होड्याही रिकाम्या रकान्यांसकट यायला हव्या होत्या. एकही नव्हती. आणि तारीख आणि गाव तर भरलेलं होतं! ते कुठून आलं?

मी तिला म्हटलं, ऊठ. तिच्या खुर्चीत बसले, जुनं पुसलं, तीच दोन टेबलं, तोच नंबराचा कॉलम, तीच रेघ. ओळ आली नाही. मी हुश्श केलं. मग सिल्विया बसली, तिने रेघ ओढली... आली. परत मी. नाही. परत ती. आली. सामंत सरांना बोलावलं. त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मी गोव्याच्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला, तो म्हणाला, "मॅडम, कॅश क्लिअर करा, जुनं साठलेलं पुसा." केली. सिल्वियाने जोडलं, ओळ आली. सर म्हणाले, "सॉफ्टवेअर नवीन आहे, असं होतं," आणि चहा प्यायला खाली गेले ते बराच वेळ वर आले नाहीत.

आता इथे कोणालाही भीती वाटेल. मला नाही वाटली. मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते — मी जळले. पायापासून डोक्यापर्यंत जळले. होडी माझ्या नावाची. बाप माझा. टेबल मी भरलेलं. आणि यायचं कोणाकडे, तर हिच्याकडे?

त्या दिवसापासून रोज दुपारी सिल्विया जोडायची आणि रोज ती ओळ यायची, त्या त्या दिवसाच्या तारखेची. मी काय काय करून पाहिलं! पहिल्या एसटीने जाऊन ऑफिस उघडायचे आणि कोणी यायच्या आत दोन टेबलं जोडायचे. तिच्या खुर्चीत बसून. तिच्या पासवर्डने. एकदा तर तिच्यासारखा माऊस डाव्या हातात धरून. रेघ वाकडीतिकडी जायची, पण लागायची. स्क्रीनवर माझे डोळे नुसते वरून खाली, वरून खाली... भराडीप्रसाद, भराडीप्रसाद, सगळ्या दुनियेच्या होड्या. "बाबा, मी आसंय," असं मी एकदा मोठ्याने म्हणाले, आणि मागे बर्फवाला पावती घ्यायला उभा होता. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्यावरच खेकसले.

सिल्विया बिचारी मला विचारून विचारून जोडायची. "जोडू काय गो?" मी हो म्हणायचे आणि तिच्या पाठीशी उभी राहायचे. मी उभी असले तरी ओळ यायची, पण हात तिचाच लागायचा. मी तिच्या हातावर हात ठेवला की यायची नाही. हे पण करून पाहिलं.

एका संध्याकाळी पाऊस होता. खालून हाक आली, "चल गो बाय!" सिल्विया उठली. माझ्या पोटातलं सगळं एकदम तोंडात आलं. "जा! तुझो बापूस रोज दाराक येता. तेवढो पुरो नाय? माझो पण तुकाच व्हयो?"

ती पर्स घेऊन दारातच थांबली. मग रडायलाच लागली. "मी काय करू गो? मी मुद्दाम करतंय? उद्यापासून मी जोडूचाच नाय."

"खबरदार!" मी ओरडले. "जोड. रोज जोड. नाय जोडलंस तर माझ्याशी गाठ आसा."

मग मीही रडले. खाली स्कूटरवाले मास्तर "काय झाला गो?" विचारत राहिले. थोड्या वेळाने दोघी खाली उतरलो. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि रेनकोटची ती पिशवी मला देऊ केली. मी घेतली नाही. एवढी मी दुष्ट.

इकडे काकांनी भटजींचा दिवस ठरवून टाकला. काकांच्या मुलाने अग्नी द्यायचा हेही ठरलं. आता मला बोलायलाच हवं होतं. रोज माझा बाप तोंडवलीच्या काठाला लागतोय असं कॉम्प्युटर सांगतोय, आणि मी त्याचा पुतळा जाळायला हो म्हणू? आणि नको म्हणू तर कशाच्या जोरावर? दुसरीच्या टेबलातल्या एका ओळीच्या?

रविवारी संध्याकाळी आई बाजारातून येऊन पाय धूत होती. मी तिला सगळं सांगितलं. कॉम्प्युटर, टेबलं, रेघ... तिला काय कळलं असेल कोण जाणे. तिने पाय पुसले आणि मला विचारलं, "दिसलो कोणाक?"

"सिल्वियाक. नाव दिसला, आये. होडयेचा."

"त्या मास्तराच्या चेडवाक?"

"होय."

"तुका नाय?"

"नाय."

"माका पण नाय." आईच्या नाकपुड्या फुलल्या. त्या क्षणी मला कळलं की मला जे झालंय ते तिलाही झालंय. बारा वर्षं कुंकू हिने लावायचं, आणि भेट मास्तरांच्या मुलीला! मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. निदान जळायला सोबत मिळाली.

मग आईने बाजारात विचारते तसं विचारलं, "मासळी काय होती?"

"काय नाय. थंय रिकामा आसा."

"वजन?"

"ताय रिकामा."

"रोज?"

"रोज."

आई माझ्याकडे बघत राहिली आणि हसली. खरंच हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगो, मगे तो आमच्याकडे कसो येतलो? रिकाम्या हातान तो घराक कधी इलो हा? परक्यांतच जावन बसतलो तो!"

ती उठली. केस बांधले, कुंकू ठीक केलं, आणि चालायला लागली. मी मागोमाग. दिवेलागणीची वेळ होती, पाऊस थांबला होता. मला वाटलं ती पाण्याकडे जाईल. ती पाण्याकडे गेलीच नाही, वाळूच्या वरच्या अंगाला सुरूंमध्ये गेली, मांगराकडे. आता तो मांगर नाही. तिथे पर्यटकांसाठी एकाने शेड टाकलीय, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोल्ड्रिंकचा फ्रिज. पुण्याची की कोल्हापूरची एक फॅमिली भजी खात बसली होती. त्यांच्या पलीकडे दोन खुर्च्या मोकळ्या होत्या.

आई त्या खुर्च्यांपासून जरा अंतरावर उभी राहिली, पदर खांद्यावर घेतला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अवो, चला घराक. मासळी नाय तर नाय. जेवान थंड होता."

भजी खाणारे थांबले. शेडवाला आमच्याच वाडीतला, तो मान फिरवून भांडी धुवायला लागला. आई वळली आणि चालायला लागली. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. मी पाहिलं. अर्थात पाहिलं. खुर्च्या होत्या, फ्रिज होता, समुद्र होता. बाकी काही नव्हतं. आई पुढे, मी मागे, आणि आई पाणंदीत सावकाश चालत होती, मागच्याला गाठता यावं म्हणून चालतात तशी. घरी आल्यावर तिने ताट वाढलं, आणि मला म्हणाली, "तू भायर बस जरा." मी बाहेर बसले. आत बराच वेळ ती बोलत होती. काय ते मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

सकाळी तिने काकांना निरोप धाडला, "भटजींका येवक सांगा."

विधी झाला. बायका कुंकू पुसायला यायच्या आधीच आईने आपल्या हाताने ते पुसलं होतं. अग्नी काकांच्या मुलाने दिला. मुलीने द्यायचा नसतो म्हणे. तिथेही मी बाजूला उभी.

सुतक संपल्यावर मी ऑफिसला गेले. सिल्वियाने मला पाहिलं आणि काही न बोलता दोन टेबलं स्क्रीनवर घेतली. "मी मधल्या दिवसांत जोडूक नाय गो," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय कसा जोडू?" डाव्या हाताने रेघ ओढली. टेबल आलं. ती खाली खाली गेली, परत वर आली, परत खाली गेली.

"नाय गो," ती हळूच म्हणाली. "गेलो."

आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. रोज दुपारी येणारं एक माणूस यायचं थांबलं होतं.

त्याला आता कितीतरी दिवस झाले. ती ओळ परत आलेली नाही. सामंत सर म्हणतात, नवीन व्हर्जन टाकलं त्यात तो प्रॉब्लेम गेला. व्हर्जन विधीच्या नंतर टाकलं की आधी, हे त्यांना आठवत नाही. मला आईचं कारण पटतं का? माहीत नाही. ती ओळ कुठून यायची, माहीत नाही. आईने त्या संध्याकाळी आत कोणाला वाढलं, माहीत नाही. कॉम्प्युटरमधले जाणकार इथे बरेच आहेत. कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी हसणार नाही.

मी अजून पहिल्या एसटीने जाते. कोणी यायच्या आत दोन टेबलं घेते आणि रेघ ओढते. काही येत नाही. आईने एक हाक मारली, तिच्यामागे तो घरी आला. सिल्वियाकडे तो रोज आला, म्हणून तिला निदान "गेलो" म्हणता आलं. माझ्याकडे तो आलाच नव्हता. मी काय म्हणू?